इंधननळ्या बदलणे (जुन्या मोटारींतील)

टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत (पेट्रोल व हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) पेट्रोल नेणाऱ्या जुन्या मोटारीतील धातूच्या व रबरी नळ्या काढून त्या जागी आजच्या पेट्रोलला टिकतील अशा नळ्या बसवणे. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी हे महाराष्ट्राच्या ओळखीचे उदाहरण. तिची टाकी मागे आणि इंजिन पुढे असल्याने मुख्य नळी गाडीच्या तळाखालून जाते व पावसाळी चिखल सतत अंगावर घेते.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या चाचण्या २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील आंवला येथे सुरू झाल्या. पद्मिनीचे उत्पादनही साधारण त्याच सुमारास थांबले. त्यामुळे तिच्या मूळ नळ्या इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठीच बनलेल्या होत्या. २००३ मध्ये महाराष्ट्र व गोव्यासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण आले, २०२२ मध्ये देशभराचे प्रमाण १० टक्क्यांवर गेले आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली. इथेनॉलने जुन्या प्रकारचे रबर आधी फुगते व मऊ पडते. गाडी बरेच दिवस उभी राहून नळी कोरडी झाली की तेच रबर कडक होऊन तडकते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेत असल्याने पोलादी नळी आतून गंजते.

नळीची परीक्षा केवळ बाहेरून करणे धोक्याचे आहे. कापडी वेष्टणाची नळी वरून धडधाकट दिसते. पण ती काढून दोन बोटांत वाकवली की टोकाशी भेगाळलेल्या टाचेसारख्या चिरा उघडतात, आणि उभी कापली तर आतला थर चिकट होऊन बोट काळे करतो. धातूची नळी बहुधा पकडपट्टीखाली, जिथे चिखल साचून राहतो, तिथेच कुजते; म्हणून पट्ट्या सोडवून पाहिल्याशिवाय तिला चांगली म्हणू नये.

काम उघड्यावर, इंजिन थंड असताना आणि बॅटरीची ऋण तार काढून करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती गॅरेजच्या खड्ड्यात साचते. तिथे हातदिवा घेऊन उतरणे म्हणजे आगीला आमंत्रण. टाकी रिकामी केल्यावर जोडाचा नट सोडवताना दुसऱ्या पान्याने समोरचा भाग धरून ठेवावा, नाहीतर नळी पिळली जाते. काढलेली नळी नव्या नळीचे वळण जुळवण्यासाठी जपून ठेवावी. नवी नळी पोलादाची किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची घ्यावी. शुद्ध तांबे सहज वाकते, पण हादऱ्यांनी कडक होऊन तडकते आणि पेट्रोलमध्ये डिंकासारखा साका होण्यास हातभार लावते.

रबरी तुकड्यांसाठी फ्लोरोइलॅस्टोमरचे (इथेनॉलला टिकणारे कृत्रिम रबर) अस्तर असलेली, ‘एसएई जे३० आर९’ (इंधननळ्यांच्या दर्जाची खूण) अशी छपाई असलेली नळी योग्य. दुकानात नुसती ‘पेट्रोल पाइप’ म्हणून मीटरवर मिळणारी स्वस्त नळी, कितीही नवी असली तरी, या कामासाठी घेऊ नये. धातूच्या टोकाला उंचवटा काढलेला असावा आणि क्लिप त्याच्या मागे बसावी. चिरा पाडलेल्या पट्टीची क्लिप मऊ रबरात रुतते. त्यापेक्षा गुळगुळीत काठाची क्लिप बरी.

नळीची वाटही तितकीच महत्त्वाची आहे. ती सायलेन्सरच्या पाइपजवळून गेली की पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंपाला ओढायला द्रव मिळत नाही. उन्हाळ्यात घाट चढताना गाडी बंद पडली की चालक पंपावर ओले फडके ठेवत, ते याचसाठी. तळाच्या पत्र्यातून नळी जाते त्या भोकात रबरी कडे घालावे, नाहीतर पत्र्याची धार तिला कापत राहते.

जोडणी पूर्ण झाल्यावर इंजिन काही मिनिटे चालवून प्रत्येक जोडाभोवती कोरडा कागद फिरवावा आणि इंजिन निवल्यावर तोच तपास पुन्हा करावा. इथेनॉलमुळे टाकीतील जुना साका व गंज सुटून पुढे येतो, म्हणून पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पेट्रोलचा फिल्टर बदलावा लागतो.