लेझर ४.७ की रेडियल? हलक्या मुलांसाठी शीड निवडताना

ऑप्टिमिस्टला, म्हणजे लहान मुलांच्या शिडाच्या होडीला (बोलताना ऑप्टी), वयाची अट आहे. ज्या वर्षी मूल १५ पूर्ण करतं, ते त्याचं ऑप्टीच्या शर्यतींमधलं शेवटचं वर्ष. त्यानंतर एकट्याने चालवायची होडी म्हणजे लेझर, इथपर्यंत बहुतेक घरांत एकमत असतं. घोळ पुढे होतो: ४.७ घ्यायची की रेडियल? आणि घोळ होणं साहजिकच आहे, कारण डोलकाठ्या उतरवून दोन्ही धक्क्यावर शेजारी ठेवल्या तर जाणकारालाही कुठली कोणती ते सांगता येणार नाही. खालची होडी एकच आहे.

आधी नावांचा गुंता सोडवू. २०१९ मध्ये व्यापारचिन्हाच्या वादातून लेझर वर्गाची नावं बदलली आणि वर्गाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, आयएलसीएच्या, नावावरून पडली. ४.७ ही आता आयएलसीए ४, रेडियल म्हणजे आयएलसीए ६ आणि मोठी स्टँडर्ड म्हणजे आयएलसीए ७. क्लबांत बोलताना मात्र जुनी नावं सर्रास चालतात, आणि जुन्या होड्यांच्या जाहिरातींत तर दोन्हींची सरमिसळ असते. मी इथे सोयीसाठी नुसतं ४ आणि ६ म्हणतो.

होडीचा आराखडा ब्रूस कर्बी यांचा, १९७० च्या आसपासचा. लांबी ४.२३ मीटर, रिकाम्या हलचं (होडीच्या मूळ अंगाचं) वजन सुमारे ५९ किलो. हल, डॅगरबोर्ड (मधोमध पाण्यात सोडायची फळी), सुकाणू, बूम (शिडाच्या तळाची आडवी काठी), डोलकाठीचा वरचा तुकडा हे सगळं ४ ला आणि ६ ला तेच. फरक दोनच गोष्टींत: शीड आणि डोलकाठीचा खालचा तुकडा. ४ चं शीड ४.७ चौरस मीटरचं, ६ चं साधारण ५.७६. म्हणजे ६ वर चढणाऱ्याला शीड एक पंचमांशाहून थोडं जास्तच मिळतं, आणि खालची काठी लांब असल्यामुळे ते उंचीवरही जातं. उंचीवरचं शीड होडी जास्त कलवतं, म्हणून प्रत्यक्षात हा फरक आकड्यापेक्षा मोठा जाणवतो.

४ ची खालची काठी आखूड तर आहेच, शिवाय ती कारखान्यातूनच किंचित मागे वाकवलेली येते. शीड लहान केलं की वाऱ्याच्या जोराचा मध्य पुढे सरकतो आणि सुकाणूचा तोल बिघडतो. काठी मागे कलवून तो मध्य परत मागे आणला आहे. जुनी होडी बघायला गेलेले पालक हे वाकण पाहून ‘हिला मार लागलाय’ अशी समजूत करून घेतात. उलट ६ ची काठी सरळच असायला हवी. ती सपाट फरशीवर लोळवून बघावी, डगमगली तर सौदा तिथेच थांबवावा.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात, आणि तोच हिशेब लोक शिडाला लावतात. पोरगी आज ४५ किलोची आहे, दोन वर्षांत ५५ ची होईल, मग आत्ताच ६ घेऊन टाकू, खर्च एकदाच. मला हा हिशेब साफ चुकीचा वाटतो. सैल सदऱ्यात मूल वावरू शकतं, पण जड शिडाखाली ते शिकतच नाही.

होडी वाऱ्याने कलते आणि चालवणाऱ्याच्या वजनाने सरळ राहते. टो स्ट्रॅपमध्ये, म्हणजे होडीतल्या पट्ट्यात, पाय अडकवून अंग होडीबाहेर झोकायचं, यालाच हायकिंग म्हणतात. त्यात वजन आणि उंची दोन्ही कामाला येतात. इकडे वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो: १० नॉट्सचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा १४ झाला की जोर जवळपास दुप्पट. मुलाचं वजन काही दुपारपर्यंत दुप्पट होत नाही. साधा भागाकार करून पाहा. ६० किलोची मुलगी ६ वर असली तर शिडाच्या दर चौरस मीटरमागे सुमारे १०.४ किलो वजन पडतं. ४८ किलोची मुलगी ४ वर बसली तर १०.२ किलो. जवळजवळ तेच. पण त्याच ४८ किलोच्या मुलीला ६ वर बसवलं की आकडा ८.३ वर येतो, आणि इथून तिची ओढाताण सुरू होते. ढोबळ मानाने ५५ किलोच्या आत असलेल्या मुलांनी ४ वर राहावं, साठीच्या आसपास ६ ची खरी मजा सुरू होते. मधल्या पाच-सहा किलोंत उंची, ताकद आणि तिथलं पाणी बघून ठरवायचं.

मुंबईत या निवडीला एक खास सापळा आहे. इथला हंगाम पावसाळा संपला की ऑक्टोबरात सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत चालतो. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा असतो, मंद आणि सरळमार्गी. दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा चढतो, आणि भरती-ओहोटीचा प्रवाह त्याच्या विरुद्ध असला की बंदरात आखूड, खडबडीत लाटा उठतात. होडी बघायला जाणारं कुटुंब बहुधा सकाळीच जातं. मंद वाऱ्यात हलकं मूल ६ वर फार सुंदर चालतं, मोठ्या शिडामुळे ४ वाल्यांना मागे टाकतं, आणि बाबा तिथेच ठरवून मोकळे होतात. चाचणी घ्यायचीच तर दुपारी तीननंतर घ्या.

दुपारी काय होतं? वारा जास्त झाला की शीड चपटं करून जोर सांडावा लागतो. किकर (बूम खाली ओढणारी दोरी) घट्ट, कनिंगहॅम (शिडाची पुढची कड ताणणारी दोरी) जमेल तितकं खाली, आउटहॉल (शिडाची खालची कड ताणणारी दोरी) ताणलेला. किकर सैल असताना मेनशीट (शीड आत-बाहेर करायची मुख्य दोरी) सोडली की डोलकाठी सरळ होते आणि शीड उलट आणखी पोटाळतं. हे तंत्र शिकण्यासारखंच आहे. पण हलकं मूल ६ वर हे सगळं करूनही पुरं पडत नाही. मग ते फक्त जिवंत राहायला शिकतं. वाऱ्याचे बदल वाचणं, सुरुवातीच्या रेषेवर जागा राखणं, लाटेवर होडी फिरवणं, यातलं काहीच करायला त्याचं डोकं मोकळं नसतं. दर दहा मिनिटांनी होडी उलटते ती वेगळीच. बंदराच्या उथळ भागात पूर्ण पालथी झालेली होडी डोलकाठीचं टोक चिखलात रुतवते, आणि मग सुरक्षा बोट येईपर्यंत ४५ किलोचं मूल डॅगरबोर्डवर कितीही उभं राहिलं तरी ती सुटत नाही.

निवडीत मानापमानही शिरतात. रेडियल २००८ पासून ऑलिंपिकमध्ये महिलांची एकेरी होडी आहे. चेन्नईची नेत्रा कुमनन टोकियोत आणि पॅरिसमध्ये हीच होडी चालवत होती. म्हणून मुलीच्या पालकांना वाटतं, जितक्या लवकर ६ तितकं बरं. मुलाच्या पालकांना नेमकं उलटं वाटतं, की ६ ही मुलींची, आपला थेट ७ वर जाऊ दे. दोन्ही समजुती सोडून दिलेल्या बऱ्या. जागतिक युवा अजिंक्यपद स्पर्धेत मुलं आणि मुली दोघंही ६ च चालवतात. आणि ४ ला लहान पोरांची होडी म्हणून हिणवणाऱ्यांनी एक आठवावं: २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये मध्य प्रदेशच्या नेहा ठाकूरने मुलींचं रौप्यपदक मिळवलं ते आयएलसीए ४ वर, आणि तेव्हा ती १७ वर्षांची होती. तिचं शिक्षण झालं भोपाळच्या तलावावर.

मग ६ वर कधी जायचं? वाढदिवस बघून नाही. १५ नॉट्सच्या वाऱ्यात ४ ची होडी सपाट ठेवताना मुलाला पूर्ण हायकिंगची गरज पडेनाशी झाली, आणि मंद वाऱ्यात तंत्र चांगलं असूनही अंगाच्या वजनामुळे ते मागे पडू लागलं, की वेळ आली. तेव्हा नवी होडी घ्यायची नाही. खालची काठी आणि शीड तेवढं बदलायचं. वाढीची सोय होडीतच केलेली आहे, ती शिडात आगाऊ विकत घ्यायची गरज नाही. शिवाय वापरलेली काठी आणि शीड ऑप्टीतून नुकत्याच आलेल्या कुणाला तरी हवंच असतं. मधल्या काळात दोन्ही रिग (काठी आणि शिडाचे संच) घरात असतील तर सरावाला आणखी बरं, शर्यतीत मात्र ज्या वर्गात नाव दिलंय तेच शीड.

एखादं मूल चौदाव्या-पंधराव्या वर्षीही ३८-४० किलोंवर अडलेलं असतं. त्याच्यासाठी ४ सुद्धा खऱ्या वाऱ्यात जड जाते. अशा वेळी एकेरीचा हट्ट सोडून दोघांनी चालवायच्या ४२० नावाच्या होडीकडे बघावं, कारण तिथे दोघांचं मिळून वजन मोजलं जातं. हलक्याने सुकाणू धरायचं आणि उंच, वजनदार जोडीदाराने ट्रॅपीझवर, म्हणजे डोलकाठीच्या तारेला लटकून होडीबाहेर, जायचं. हे चांगलं जमतं.

सेकंडहँड हल घेताना ४ की ६ हा प्रश्न येतच नाही, हल कसा आहे तो येतो. डेकवर, विशेषतः डोलकाठीच्या भोकाभोवती, अंगठ्याने दाबून मऊ लागतंय का पाहावं. टो स्ट्रॅपचे स्क्रू हलवून बघावेत, मूल त्यांच्याच भरवशावर बाहेर झोकणार असतं. हल उचलून वजन करता आलं तर उत्तमच, आत पाणी मुरलेली जुनी लेझर काही किलोंनी जड निघते आणि हलक्या मुलाला ते ओहोटीच्या उतारावर ट्रॉली ओढतानाच कळतं. शेवटी डोलकाठीच्या भोकात काठोकाठ पाणी भरून बाजूला चहा घ्यावा. परत आल्यावर पातळी उतरलेली असेल तर भोकाचा तळ गळतोय. मालकाने कितीही कमी किंमत सांगितली तरी दुसरा हल बघावा.