जुन्या ट्रकमध्ये नवा रेडिओ: पिवळी तार बॅटरीवर नेऊ नका

ट्रकचं मूळ वायरिंग, डायनॅमो, कटआउट (डायनॅमो मंदावला की त्याला बॅटरीपासून तोडणारा स्विच) आणि सहा व्होल्टची बॅटरी यांना हात न लावता आजचा बारा व्होल्टचा रेडिओ छान वाजतो. आमचा कन्व्हर्टर, म्हणजे सहा व्होल्टचे बारा करणारा डबा, त्यासाठीच बनवलेला आहे आणि जोडणीचा नकाशा डब्यासोबत येतो. तरी हे वेगळं माहितीपत्रक काढावं लागलं, ते आमच्याकडे परत येणाऱ्या डब्यांमुळे. ‘कन्व्हर्टर गेला’ अशी चिठ्ठी लावून आलेला डबा आम्ही टेबलावर पूर्ण लोड देऊन तासभर चालवतो. बहुतेक वेळा तो ठणठणीत निघतो. गेलेला असतो तो रेडिओ, आणि विचारपूस केली की गाडी नेहमी त्याच जागी येऊन थांबते: पिवळी तार.

रेडिओच्या मागून लाल, पिवळी आणि काळी अशा तीन मुख्य तारा येतात, हे तुम्हाला माहीत आहेच. काळी निगेटिव्ह, लाल किल्लीवर, पिवळी कायम चालू. पिवळी फक्त घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवण्यासाठी असते, असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात आजच्या बहुतेक रेडिओंमध्ये सगळा मोठा करंट पिवळीतूनच येतो. लाल तार नुसती ‘आता सुरू हो’ एवढाच इशारा देते.

आता होतं असं. ग्राहक नकाशाप्रमाणे तिन्ही तारा कन्व्हर्टरला जोडतो. रेडिओ चालतो. मग किल्ली बंद केली की स्टेशनं पुसली जातात, म्हणून तो पिवळी तार सोडवून थेट ट्रकच्या बॅटरीवर नेतो. त्याच्या रोजच्या मोटारीत ती तशीच असते, त्यामुळे यात काही चुकतंय असं त्याला वाटत नाही. पण पॉझिटिव्ह अर्थिंगच्या ट्रकमध्ये बॅटरीचा प्लस चॅसीला असतो. चॅसीला न जोडलेलं दुसरं टोक म्हणजे मायनस. चॅसीच्या हिशेबाने त्या तारेवर उणे सहा व्होल्ट असतात. इकडे रेडिओचं धातूचं अंग हेच त्याचं निगेटिव्ह, आणि ते डॅशबोर्डच्या पत्र्याला टेकलेलं आहे. म्हणजे रेडिओला वीज उलटी मिळाली.

उलट्या जोडणीपासून वाचवण्यासाठी रेडिओत एक डायोड, म्हणजे एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग, असतो. वीज उलटी आली की तो तिला सरळ वाट देतो आणि जास्त करंटने फ्यूज उडतो. इथपर्यंत नुकसान फक्त फ्यूजचं. फ्यूज पुन्हा उडाला म्हणून ज्यांनी मोठा फ्यूज घातला किंवा चांदीचा कागद गुंडाळला, त्यांचा डायोड जळतो, पाठोपाठ सर्किटवरचे तांब्याचे पट्टे जळतात. असा रेडिओ दुरुस्त करण्यात कुणालाच राम वाटत नाही. म्हणून हात जोडून सांगतो: फ्यूज उडाला की थांबा आणि आम्हाला विचारा.

काही जण रेडिओ रबरावर बसवून पत्र्यापासून वेगळा ठेवतात. तरी अँटेना राहतेच. अँटेनाच्या केबलचं बाहेरचं जाळीचं वेष्टन एका टोकाला रेडिओच्या अंगाला आणि दुसऱ्या टोकाला मडगार्डच्या पत्र्याला जोडलेलं असतं. रेडिओ हातात धरून तपासला तर सगळं बरोबर, आणि अँटेनाचा प्लग खोचला की ठिणगी, याचं कारण हेच.

आमच्या कन्व्हर्टरच्या इनपुट आणि आउटपुटमध्ये तारेचा थेट संबंध नसतो. मधे ट्रान्सफॉर्मर आहे आणि वीज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. त्यामुळे रेडिओचं अंग आणि अँटेना पत्र्याला खुशाल लागू द्या. बाजारात याहून लहान आणि स्वस्त डबे मिळतात, पण त्यांतल्या बऱ्याच डब्यांत एक तार आतून सरळ पलीकडे गेलेली असते. निगेटिव्ह अर्थिंगच्या ट्रकला ते चालतात. पॉझिटिव्ह अर्थिंगला चालत नाहीत. आमचा डबा जड आणि मोठा का, असं विचारणाऱ्यांना आमचं हेच उत्तर असतं. मात्र ही सगळी सोय रेडिओच्या तिन्ही तारा कन्व्हर्टरकडूनच वीज घेत असतील तोवर टिकते. एक तार जरी ट्रकच्या मूळ वायरिंगला गेली तरी ती सोय संपली.

पिवळी आणि लाल, दोन्ही कन्व्हर्टरच्या बारा व्होल्टवर एकत्र जोडा आणि कन्व्हर्टर किल्लीवर ठेवा. घड्याळ दर वेळी लावावं लागेल, हे खरं. कन्व्हर्टर कायम चालू ठेवला तर? समजा, नुसता बसून तो आणि रेडिओ मिळून ५० मिलीअँपिअर खातात. दिवसाला १.२ अँपिअर-तास, महिन्याला ३६. महिनाभर शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या ट्रकची बॅटरी त्याने बसेल. घड्याळापेक्षा सेल्फ लागणं महत्त्वाचं. वीज तोडली तरी स्टेशनं न विसरणारे रेडिओ मिळतात. घेण्याआधी दुकानदाराला एवढं एक विचारा, किंवा मॉडेल आम्हाला कळवा.

अर्थिंग कोणतं, हे अंदाजाने ठरवू नका. फोर्डचे १९५५ पर्यंतचे ट्रक सहा व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थिंगचे, आणि १९५६ पासून बारा व्होल्ट, निगेटिव्ह. त्याच काळातले शेवरोलेचे सहा व्होल्टचे ट्रक मात्र निगेटिव्ह अर्थिंगचे. आणि एवढ्या वर्षांत मधल्या कुणा मालकाने बॅटरी फिरवलेलीही असू शकते. केबलच्या रंगावर तर मुळीच जाऊ नका. मल्टिमीटरची काळी टोचणी चॅसीच्या स्वच्छ घासलेल्या धातूवर ठेवा, लाल टोचणी बॅटरीच्या चॅसीला न जोडलेल्या टोकावर. आकड्याआधी उणे चिन्ह आलं तर पॉझिटिव्ह अर्थिंग. भरलेली बॅटरी ६.३ च्या आसपास दाखवते. ऑर्डर घेताना आम्ही याच आकड्याचा फोटो मागतो. त्यात तुमची दोन मिनिटं जातात, काहींना ती जाचक वाटतात. पण फोटो न घेता पाठवलेले डबेच जास्त परत आले, म्हणून आता फोटोशिवाय आम्ही पाठवत नाही.

‘बॅटरीच उलटी करून द्या, किंवा सगळं बारा व्होल्ट करा’ असंही विचारलं जातं. होतं तेही. पण बॅटरी उलटी केली की अँमीटर आणि कॉइलच्या तारा बदलायच्या, डायनॅमोला नव्या दिशेची चुंबकीय सवय लावायची, आणि डायनॅमोची वीज आवरणारे काही रेग्युलेटर एकाच अर्थिंगसाठी बनवलेले असतात ते पाहायचं. बारा व्होल्ट करायचं तर बल्ब, हीटरची मोटर, काटे, सगळ्यांचाच प्रश्न. शिवाय सहा व्होल्टचा सेल्फ बाराने फिरवला की फ्लायव्हीलच्या दातांवर जोरात आदळतो. एका रेडिओपायी इतकी वर्षं धडपणे चाललेली यंत्रणा उसवायला आमचं मन घेत नाही. मूळ वायरिंग शाबूत असलेले ट्रक आता थोडेच उरलेत.

डायनॅमोचा हिशेब मात्र करा. बारा व्होल्टला तीन अँपिअर घेणारा रेडिओ कन्व्हर्टरमधली तूट धरून बॅटरीकडून सात अँपिअरच्या जवळ ओढतो. सहा व्होल्टचे दोन हेडलाइट पंधराच्या घरात. अशा पुष्कळ ट्रकांचा डायनॅमो ३५ अँपिअरचा, तोही इंजिन वेगात असताना. आयडलला कटआउट उघडतो आणि सगळा भार बॅटरीवर येतो. म्हणून मोठा अ‍ॅम्प्लिफायर नको. इनपुटची तार आम्ही मुद्दाम जाड देतो, ती कापून जागी बारीक तार जोडू नका. सहा व्होल्टमधून अर्धा व्होल्ट वाटेत गेला तर कन्व्हर्टरला ते जाणवतं.

स्पीकर नवे घ्या, किंवा जुन्या स्पीकरची पत्र्याला गेलेली तार सोडवून दोन्ही तारा रेडिओपर्यंत आणा. आजच्या रेडिओच्या स्पीकरची कोणतीच तार अर्थिंगला लागलेली चालत नाही.

रेडिओत इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शीळ आली तर आधी अँटेनाचा प्लग काढून पाहा. शीळ राहिली तर ती वायरिंगमधून येते. डायनॅमोच्या आर्मेचरच्या टोकावर अर्ध्या मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावा, त्याचं अंग डायनॅमोच्या बॉडीवर कसून. फील्डच्या टोकावर तो कधीही लावू नका, रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. हा कंडेन्सर संचात दिलेला आहे, कागदी पाकिटात. बरेच जण पाकीट न उघडताच आम्हाला शीळेची तक्रार कळवतात.

ऑर्डरसोबत मल्टिमीटरचा फोटो, रेडिओचं मॉडेल आणि मागच्या तारांचा फोटो पाठवा. जोडणी झाल्यावर, किल्ली फिरवण्याआधी, तारांचा आणखी एक फोटो पाठवलात तर तो आम्ही तपासून देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.