पुलाची लांबी नको, गाळा सांगा

नवा केबल-स्टेड पूल (मनोऱ्यांपासून निघणाऱ्या तिरक्या केबल्सनी पेललेला) खुला झाला की बातमीत त्याची एकूण लांबी झळकते. साध्या खांबांवरचा जोडरस्ताही धरला, तर पूल हवा तेवढा लांब दाखवता येतो. फ्रान्समधला मियो पूल 2460 मीटर लांब आहे, पण त्याचा मोठ्यात मोठा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, 342 मीटरचाच. अभियंते तुलना करतात ती मुख्य गाळ्याची, म्हणजे शेजारच्या दोन मनोऱ्यांमधल्या अंतराची. व्लादिवोस्तोकच्या रुस्की पुलाचा (2012) गाळा 1104 मीटर; चीनच्या चांगताई पुलाने 2025 मध्ये 1208 मीटर गाठून त्याला मागे टाकलं.

झुलते पूल या तुलनेत धरत नाहीत. तुर्कस्तानच्या चनाक्कले पुलाचा गाळा 2023 मीटर आहे, पण तिथे मुख्य केबलची ओढ काठावरचे अजस्र काँक्रीटचे ठोकळे घेतात. केबल-स्टेड पुलात ती ओढ डेकलाच (ज्यावरून रस्ता जातो त्या भागाला) सोसावी लागते. तिरकी केबल डेकला वर उचलते, तशी मनोऱ्याकडे ढकलतेही.

मनोरा डेकपासून गाळ्याच्या एक-पंचमांश उंच आहे आणि सगळ्या केबल्स त्याच्या माथ्यातून निघतात असं धरू. मध्यापर्यंत जाणाऱ्या केबलने 100 टन पेलले, तर तिच्यात सुमारे 270 टन ताण येतो आणि डेकवर 250 टन आडवा दाब. मनोऱ्यालगतची केबल जवळजवळ उभी, तिचा दाब किरकोळ. मात्र हे दाब साठत जातात: गाळ्याच्या मध्यावर शून्य, मनोऱ्यापाशी कमाल. ही कमाल म्हणजे दर मीटरचं वजन गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले मनोऱ्याच्या उंचीची आठपट. मनोरा तेवढाच ठेवून गाळा दुप्पट केला, की दाब चौपट! म्हणून मनोराही वाढवावा लागतो. डेक हलकं ठेवणं हा दुसरा उपाय: नॉर्मंडी पुलाच्या 856 मीटरच्या गाळ्यात मधले 624 मीटर पोलादी आहेत, बाकी काँक्रीट.

लांब केबलला स्वतःच्या वजनाने झोळही पडतो. भार वाढला की आधी झोळ सरळ होतो, मग पोलाद ताणलं जातं. त्यामुळे केबल असते त्याहून ढिली वागते. ही ढिलाई केबलच्या आडव्या लांबीच्या वर्गाने वाढते आणि तिच्यातल्या प्रतिबलाच्या (दर चौरस एककावरच्या ताणाच्या) घनाने घटते. म्हणून केबल भरपूर ताणून ठेवतात.

पावसात आणखी एक भानगड. केबलवरून ओघळणाऱ्या पाण्याच्या धारेने तिचा आकार बदलतो आणि मध्यम वाऱ्यातही ती जोरात थरथरते. त्यावर उपाय म्हणून केबलच्या प्लास्टिक आवरणावर मळसूत्रासारखी बारीक कड काढतात आणि खालच्या टोकाजवळ डँपर (थरथर शोषणारी साधनं) बसवतात.