मस्तिष्कस्तंभ
प्रमस्तिष्क (मोठा मेंदू) व मेरुरज्जू (पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू) यांना जोडणाऱ्या आणि अनुमस्तिष्काच्या (लहान मेंदूच्या) पुढे असणाऱ्या मेंदूच्या भागास मस्तिष्कस्तंभ म्हणतात. रुग्णालयांत मात्र ‘ब्रेनस्टेम’ हाच शब्द चालतो. वरून खाली मध्यमस्तिष्क, सेतू (पॉन्स) व लंबमज्जा (मेड्युला) असे त्याचे तीन भाग असून प्रौढ माणसात त्याची लांबी जेमतेम 7 ते 8 सेंमी. भरते. काही जुन्या ग्रंथांत थॅलॅमसचा (मध्यमस्तिष्काच्या वरच्या भागाचा) प्रदेशही स्तंभात धरलेला आढळतो, म्हणून असा संदर्भ वाचताना लेखकाने सीमा कुठे आखली आहे ते आधी पाहावे लागते. आजच्या अध्यापनात तीन भागांचा अर्थच रूढ आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (स्थापना 1998) संलग्न वैद्यकीय महाविद्यालयांत शरीररचनाशास्त्र शिकताना विद्यार्थी या भागांचे आडवे छेद पाहतात. मध्यमस्तिष्काच्या छेदात सबस्टॅन्शिया नायग्रा हा काळसर पट्टा नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. पार्किन्सनच्या आजारात त्यातील पेशी नष्ट होऊन तो फिका पडतो.

मस्तिष्क चेतांच्या (थेट मेंदूशी जोडलेल्या नसांच्या) 12 जोड्यांपैकी तिसरीपासून बारावीपर्यंतच्या 10 जोड्या या स्तंभाशी जोडलेल्या आहेत. डोळ्यांची हालचाल, चेहऱ्याची संवेदना, गिळणे, खोकणे या क्रियांचे नियंत्रण त्यामुळे येथूनच होते. स्तंभभर पसरलेल्या जालरचनेमुळे (चेतापेशींच्या जाळ्यामुळे) माणूस जागा राहतो, तर लंबमज्जेतील केंद्रे श्वसन व रक्तदाब सांभाळतात. स्नायूंना आज्ञा नेणारे बहुतेक तंतू लंबमज्जेच्या खालच्या टोकाशी बाजू बदलतात आणि म्हणूनच मेंदूच्या डाव्या अर्धात रक्तस्राव झाला की उजवे अंग लुळे पडते. सेतूच्या पुढच्या भागास मोठी इजा झाल्यास रुग्ण पूर्ण शुद्धीवर असूनही फक्त डोळे वरखाली करू शकतो किंवा पापण्या मिटू शकतो. भोवतालच्यांना तो बेशुद्ध वाटण्याचा धोका असतो, त्यामुळे ही अवस्था ओळखणे फार महत्त्वाचे ठरते.

या संज्ञेचा सर्वांत गंभीर वापर कायद्यात आहे. भारताच्या 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात ‘मस्तिष्कस्तंभ मृत्यू’ हा मृत्यूचा एक प्रकार मानला आहे. अमेरिकेतील संपूर्ण मेंदूच्या मृत्यूच्या निकषापेक्षा ही भूमिका ब्रिटनमध्ये 1976 साली मांडल्या गेलेल्या निकषांच्या जवळची आहे. भारतात अशा मृत्यूचे प्रमाणपत्र चार डॉक्टरांचे मंडळ देते आणि किमान 6 तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावी लागते. बाहुल्यांवर प्रकाश टाकणे, बुबुळाला कापसाने स्पर्श करणे, कानात बर्फासारखे थंड पाणी सोडून डोळे हलतात का ते पाहणे अशा चाचण्या होतात. शेवटी व्हेंटिलेटर काढून, प्राणवायू चालू ठेवून, रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढू दिला जातो. त्याचा दाब 60 मिमी. पाऱ्याच्या वर जाऊनही छाती हलली नाही, तर लंबमज्जेचे श्वसनकेंद्र बंद पडले असे ठरते.

मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे महामार्गांवरच्या अपघातांत डोक्याला जबर मार लागलेले रुग्ण नाशिकच्या अतिदक्षता विभागांत येतात. कवटीत सूज वाढली की मेंदू खाली ढकलला जाऊन स्तंभ दाबला जातो, आणि एका बाजूची बाहुली मोठी होणे ही त्याची धोक्याची खूण असते. पुढे ‘पेशंट ब्रेनडेड आहे’ (म्हणजे मस्तिष्कस्तंभ मृत्यू झाला आहे) असे कानावर पडले की नातेवाईक साहजिकच विचारतात, ‘मग मॉनिटरवर ठोके कसे दिसतायत?’ हृदयाची लय त्याच्या स्वतःच्या गाठीतून निर्माण होते, मेंदूतून नव्हे; म्हणून व्हेंटिलेटरवर प्राणवायू मिळत असेपर्यंत ते काही काळ धडधडत राहते. मेरुरज्जूच्या प्रतिक्षिप्त क्रियेने हातपायही क्वचित हलतात. कोमा ही मात्र निराळी अवस्था होय: त्यात स्तंभाचे काही कार्य टिकून असू शकते आणि रुग्ण शुद्धीवर येण्याची शक्यता उरते. बातम्यांत ‘ब्रेनडेड’ व ‘कोमा’ हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, हे घातक आहे. कारण कोमातील रुग्णाबाबत उपचार चालू ठेवण्याचा प्रश्न असतो, तर मस्तिष्कस्तंभ मृत्यू प्रमाणित झाल्यावर कुटुंबाला अवयवदानाविषयी विचारले जाते. नाशिक जिल्ह्यात कुटुंबाने संमती दिल्यास अवयवांचे वाटप पुण्याच्या विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत प्रतीक्षायादीनुसार होते.