चीअरलीडर वेगळे, कॅमेरॉन क्रेझीज वेगळे

ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन अमेरिकन विद्यापीठांचा बास्केटबॉल सामना जवळ आला की तेच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. अंगाला निळा रंग फासलेली, हात लांब करून ओरडणारी पोरं, आणि खाली ओळ: ‘अमेरिकन कॉलेजचे चीअरलीडर्स’. आमच्याकडे नॉर्थ कॅरोलायना राज्यात आलेले पाहुणेही टीव्हीकडे बोट दाखवून हेच म्हणतात. ही पोरं चीअरलीडर नव्हेत, कॅमेरॉन क्रेझीज आहेत, हे दर वर्षी समजावून सांगते, म्हणून आता एकदाच लिहून ठेवते.

चीअरलीडर म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. 2008 च्या पहिल्या आयपीएलपासून आपण ते पाहत आलो आहोत. कॉलेजच्या पथकात एवढाच फरक की मुलींबरोबर मुलगेही असतात आणि नाचापेक्षा कसरत जास्त असते. दहीहंडीसारखे थर लावायचे, वरच्या मुलीला उंच फेकायचं, अचूक झेलायचं. निवड चाचणी असते, प्रशिक्षक असतो, गणवेश असतो, सराव असतो. बँड, डान्स टीम आणि मुखवटा घातलेला शुभंकर ही आणखी वेगळी मंडळी. त्यांची गल्लत झाली तरी माझी फारशी तक्रार नाही.

कॅमेरॉन क्रेझीज म्हणजे ड्यूक विद्यापीठाचं स्टुडंट सेक्शन, म्हणजे प्रेक्षकांतला विद्यार्थ्यांचा गट. डरहॅम शहरातलं कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम 1940 मध्ये उघडलं, आसनं फक्त 9,314. त्यातल्या कोर्टाला अगदी खेटून असलेल्या बाकांवर साधारण बाराशे विद्यार्थी मावतात. दुसऱ्या बऱ्याच ठिकाणी अशा जागा देणगीदारांना जातात, इथे त्या विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या आहेत. बाक असले तरी सामना संपेपर्यंत कुणी बसत नाही. या मुलांना कुणी निवडलेलं नसतं आणि नाचाच्या पायऱ्या कुणी शिकवलेल्या नसतात.

लोक फरक शोधतात तो कपड्यांत आणि आवाजात. खरा फरक तोंड कुणीकडे आहे, यात आहे. चीअरलीडर प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहतो, त्याचं काम प्रेक्षकांना ओरडायला लावणं. स्टुडंट सेक्शनचं तोंड खेळाकडे असतं, त्यातही समोरच्या संघाकडे. त्यांना कुणी ओरडायला सांगावं लागत नाही, त्यांचा आवाज थेट खेळाडूच्या कानासाठी असतो.

गंमत अशी की दोघं मूळचे एकाच बाकावरचे. 1898 मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांतून उठला, मैदानाकडे पाठ करून उभा राहिला आणि गर्दीकडून एका सुरात घोषणा म्हणवून घेऊ लागला. चीअरलीडिंगची सुरुवात तिथून मानतात. तो वळला आणि दोन वाटा फुटल्या. (हो, सुरुवात पुरुषांनी केली. ‘चीअरगर्ल’ हा शब्द मला म्हणूनच अजिबात आवडत नाही.)

पुण्यात पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात जे बसले आहेत, त्यांना स्टुडंट सेक्शन पटकन कळेल. ‘अरे आवाज कुणाचा’ म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडणारी कॉलेजची पोरं काही पथक म्हणून नेमलेली नसतात. पण तिथे घोषणा आपल्या कॉलेजसाठी असते आणि एकांकिका सुरू झाली की थांबते. क्रेझीजचं खरं काम खेळ सुरू झाल्यावर लागतं.

फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलबद्दल मिळालेल्या मोकळ्या फटक्याच्या वेळी ते नीट दिसतं. खेळाडू बास्केटमागच्या फळीपासून 15 फुटांवर एकटा उभा, हातात 10 सेकंद. नेमबाज ड्यूकचा असेल तर सगळे हात वर आणि शांतता. पाहुण्या संघाचा असेल तर छप्पर उडेल असा गोंगाट. समोरच्याने कडेच्या रेषेबाहेरून चेंडू आत टाकायचा असेल, तर शेकडो हात त्याच्या पाठीशी वळवळत असतात, जेमतेम वीतभर अंतरावर. चीअरलीडरने असं काही केलं तर ते त्याच्या कामात बसणारच नाही. त्याचा समोरच्या संघाशी संबंध नाही.

हा आवाज ऐनवेळी सुचतो, हेही महत्त्वाचं. 1979 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने कॅमेरॉनमध्ये चेंडू नुसता धरून ठेवायचं धोरण घेतलं आणि मध्यंतराला ड्यूक 7-0 असा पुढे होता. त्यांच्या खेळाडूचा एक फटका रिंगला न शिवता गेला, तेव्हा बाकांवरून ‘एअर बॉल’ असा संथ, लांबवलेला सूर उठला. आज जगभर ऐकू येणाऱ्या त्या घोषणेचा जन्म याच सामन्यात झाला असं मानतात.

ही मुलं चुकतातही. 1984 च्या जानेवारीत मेरीलँडविरुद्धच्या सामन्यात त्यांनी पातळी सोडली. ड्यूकचे अध्यक्ष टेरी सॅनफर्ड यांनी विद्यार्थ्यांना पत्र लिहिलं, खाली सही ‘अंकल टेरी’. पुढचा घरचा सामना नॉर्थ कॅरोलायनाशी होता. मुलं डोक्यावर चांदीच्या कागदाची देवदूतांची वलयं लावून आली, आणि पंचांचा निर्णय पटला नाही की शिवीऐवजी एका सुरात म्हणू लागली, ‘आमचं नम्र मत वेगळं आहे!’ या बाकांवरून उठलेली सर्वांत सुंदर घोषणा माझ्या मते हीच. खेळाडूच्या घरच्यांवर घसरणाऱ्या घोषणांना मी परंपरा म्हणत नाही.

दुसरीकडची तऱ्हाही अशीच. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाची मुलं 2013 पासून बास्केटमागे काळा पडदा धरतात आणि पाहुणा फ्री थ्रो मारणार तेवढ्यात तो उघडून आत काहीतरी विचित्र दाखवतात. 2016 मध्ये त्यामागून पोहण्याच्या चड्डीत, गळ्यात पदकं घालून ऑलिंपिक जलतरणपटू मायकल फेल्प्स निघाला होता. इंडियानातल्या टेलर विद्यापीठात डिसेंबरच्या एका सामन्यात अख्खं सभागृह त्यांच्या संघाचा दहावा गुण होईपर्यंत चिडीचूप असतं आणि मग एकदम फुटतं. हे मला सर्वांत जास्त आवडतं. समोरच्या संघाला शांततेनेही घेरता येतं.

आता जागा मिळवण्याचं. चीअरलीडरची निवड होते, क्रेझीला थांबावं लागतं. नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धच्या घरच्या सामन्यासाठी पदवीचे विद्यार्थी जानेवारीपासून स्टेडियमबाहेर तंबू ठोकून राहतात. 1986 पासून ही वस्ती बसते. 2022 पर्यंत ड्यूकचा प्रशिक्षक असलेल्या माइक शशेव्हस्कीच्या नावावरून तिचं नाव शशेव्हस्कीव्हिल, सगळे म्हणतात के-व्हिल. एका तंबूत बारा जणांचा गट. सर्वांत आधी लागणाऱ्या तंबूंना ‘काळे’ म्हणतात, तिथे रात्री दहा जणांनी मुक्कामाला असावं लागतं. लाइन मॉनिटर नावाचे विद्यार्थीच रात्री-अपरात्री हजेरी घेतात. हजेरी चुकत गेली तर तंबू रांगेच्या शेवटी जाऊ शकतो. हवा फारच बिघडली तर तेच सवलत जाहीर करतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं निराळं: सत्राच्या सुरुवातीला एका वीकएंडला मुक्काम करायचा आणि मग तिकिटांची सोडत.

एवढी थंडी सोसून आत आलेल्या मुलाला ‘नाचणारा’ म्हणतात, तेव्हा मला राग येतो. ‘गुंड प्रेक्षक’ म्हटलं तरी येतो.

फोटो पाहताना मी आधी पाय बघते. लाकडी कोर्टावर पाय असतील तर चीअरलीडर. समोर पत्रकारांचं टेबल असेल आणि त्यांच्या लॅपटॉपवरून निळे हात पुढे आलेले असतील, तर क्रेझीज.