फोडीवरचे पांढरे दोरे टाकू नका

आंबिया बहाराची संत्री कळमन्याच्या बाजारात उतरली की नागपुरात घरोघरी टोपल्या भरतात. सोललेल्या फोडीवरचे पांढरे दोरे मात्र आपण नखाने काढून टाकतो. घरात मधुमेह असेल तर ते टाकू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या रक्तवाहिन्यांना आतून जेमतेम एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं. त्यामुळे वाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैलावतात आणि रक्त मोकळं वाहतं. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. साखर सतत चढलेली राहिली की पेशींत सुपरऑक्साइडसारखे आक्रमक रेणू वाढतात आणि हा वायू काम करण्याआधीच संपवतात. शिवाय साखर प्रथिनांना चिकटते, त्याने भिंती ताठर होतात. डोळ्याचा पडदा आणि मूत्रपिंड यांतल्या बारीक वाहिन्यांना याची झळ आधी बसते. पायाची जखम चिघळण्यामागेही बिघडलेला रक्तपुरवठा असतो.

संत्र्याच्या सालीत आणि त्या पांढऱ्या भागात हेस्पेरिडिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. १८२८ पासून ते रसायनशास्त्राला ठाऊक आहे. आतड्यातले जिवाणू त्याला जोडलेली साखर तोडतात, हेस्पेरेटिन सुटं होतं आणि रक्तात जातं. प्रयोगशाळेत अस्तराच्या पेशींना ते दिलं की नायट्रिक ऑक्साइड वाढतं. २०११ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी पोटाचा घेर, रक्तदाब, साखर अशा तक्रारी एकत्र असलेल्या रुग्णांना रोज ५०० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन तीन आठवडे दिलं. हाताच्या धमनीची रुंदावण्याची क्षमता सुधारली. पण रुग्ण जेमतेम दोन डझन होते. तेवढ्यावरून डोळे किंवा किडनी वाचते, असं म्हणता येणार नाही. आणि ५०० मिलिग्रॅम हा औषधासारखा डोस आहे, दोन-चार फोडींतून तो मिळत नाही.

म्हणून शुगरची गोळी बंद करून संत्र्यावर भिस्त ठेवणं धोक्याचं आहे. त्या गोळीतलं मेटफॉर्मिनही मूळचं गॅलेगा या वनस्पतीच्या अभ्यासातून आलं. ती वनस्पती खाऊन मेंढ्या दगावत. तिच्यातल्या रेणूच्या जवळचा, सुरक्षित रेणू आधीच घडवला गेला होता; फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी त्याचे १९५७ मध्ये मधुमेहींवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे ते औषध झालं.

संत्रं खायचं ते फोडी चावून, दोऱ्यांसकट, एका वेळी एकच. रस नको: पेलाभर रसात तीन-चार संत्र्यांची साखर एकदम पोटात जाते आणि चोथा गाळणीत राहतो. संत्रा बर्फीत तर वरून साखर घातलेली असते, तिचा हिशेब वेगळा.