बाणाची पिसे

बाणाच्या दांड्यावर खाचेच्या (दोरी अडकवण्याच्या मागच्या टोकाच्या) किंचित पुढे, लांबीच्या दिशेने बसवलेली पक्ष्यांची पिसे किंवा त्यांच्याऐवजी वापरली जाणारी प्लास्टिकची पाती. बाणाचा गुरुत्वमध्य फाळाकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे असतो. पिसांमुळे हवेचा रोध मागच्या टोकाशी वाढतो आणि डळमळलेला बाण पुन्हा रेषेत येतो. शिकारीच्या बाणाचा रुंद फाळ पुढून वारा धरत असल्याने त्यास लांब व उंच पिसे लागतात.

पक्षी कोणता, यावर जुन्या ग्रंथांचा भर आहे. शार्ङ्गधरपद्धती या संस्कृत सुभाषितसंग्रहात (सुमारे इ.स. 1363) कावळा, हंस, क्रौंच, मोर, गिधाड, कुरर (मासे पकडणारा शिकारी पक्षी) इत्यादींची पिसे उत्तम मानून प्रत्येक बाणास चार, प्रत्येकी 6 अंगुले लांबीची पिसे सांगितली आहेत, शार्ङ्ग (शिंगाच्या) धनुष्याच्या बाणास 10 अंगुलांची, स्नायुतंतूंनी बांधलेली. 6 अंगुले म्हणजे ढोबळमानाने 10 ते 12 सेंमी.; आजची शिकारी पिसे साधारण एवढीच असतात. वासिष्ठ धनुर्वेद या धनुर्विद्येवरील संस्कृत ग्रंथातही बरेचसे हेच श्लोक आढळतात. त्यास काहीजण फार प्राचीन मानतात. तथापि श्लोकसाम्य पाहता तो उत्तर-मध्ययुगीन मानणे अधिक सावधपणाचे वाटते.

महाभारतातील ‘कंकपत्र’ (कंक पक्ष्याची पिसे लावलेल्या) बाणांचा कंक कोणता, हा वाद मिटलेला नाही. अमरकोशातील लोहपृष्ठ (लोखंडी रंगाच्या पाठीचा) हा पर्याय राखी बगळ्याकडे बोट दाखवतो. परंतु रणवर्णनांत कंक गिधाडांसोबत प्रेतांवर उतरतो. मासे खाणाऱ्या बगळ्यास हे शोभत नाही. एकाच नावाखाली दोन पक्षी आले असण्याचा संभव आहे. मोठे, ताठ पीस हवे, हे लक्षात घेता बाणापुरता गिधाडवर्गीय पक्षीच अधिक पटतो.

वरील श्लोकांत पिसांच्या तिरकेपणाविषयी (कल) काही नाही. एका बाणास एकाच बाजूच्या पंखाची पिसे घेऊन ती किंचित तिरकी बसवली की बाण स्वतःभोवती फिरतो व स्थिर राहतो. कल वाढला की वेग मात्र लवकर घटतो. तीन पिसे 120 अंशांवर बसवून एक खाचेशी काटकोनात ठेवतात. धनुष्याला घासून जाताना पीस दबते, प्लास्टिकचे पाते अडते. त्यामुळे बाणाला टेकू नसलेल्या साध्या धनुष्यास पीसच बरे. पावसात मात्र ते भिजून चिकटते. कोल्हापूर जिल्ह्यातील गगनबावड्याकडच्या मुसळधार पावसाळ्यात प्लास्टिकच टिकेल.

कोल्हापूर संस्थानातील शिकारीची माहिती मुख्यतः शिकारीसाठी पाळलेला चित्ता, भाला आणि बंदूक यांविषयी आहे. तेथील दाजीपूरचे राखीव शिकारी रान 1958 मध्ये अभयारण्य झाले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मुळे शिकारीस बंदी आहे. मोर व गिधाडे संरक्षित आहेत. तिरंदाजीच्या मैदानावरील बाणांना आखूड प्लास्टिक पाती असतात.